शिशाचं पेट्रोल आणि चाचांची अँबेसिडर

सोलापुरात आमच्या चाचांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे पत्र्याचं छत, मधोमध खड्डा, आणि लेथच्या कामासाठी शेजारच्या वर्कशॉपवर भिस्त. त्यांची स्वतःची अँबेसिडर १९७८ची. २००१च्या उन्हाळ्यात ती चढावर दम टाकू लागली. चाचांचं निदान तयारच होतं, "पेट्रोल में अब जान नई रही." बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. सरकारने पेट्रोलमधून काहीतरी काढून घेतलंय एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. ते काय, हे मात्र कुणी सांगत नव्हतं.

काढलं होतं शिसं. १ फेब्रुवारी २०००पासून देशभर शिसंविरहित पेट्रोलच मिळू लागलं. सुरुवात त्याआधीची. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिले आणि एप्रिल १९९५पासून चार महानगरांत नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागला. शिशाने कन्व्हर्टर निकामी होतो, म्हणून तिथे शिशाविना पेट्रोलची सोय करावी लागली. म्हणजे पहिली काळजी यंत्राची झाली, माणसाची मागाहून.

चाचांचं निदान अर्धं खरं होतं. अँबेसिडरचं जुनं १४८९ सीसीचं इंजिन मूळ ब्रिटिश घडणीचं, हेड बिडाचं, आणि व्हॉल्व्हच्या सीटा त्या बिडातच कापलेल्या. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेतं तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह १५०० वेळा सीटवर आपटतो. एक्झॉस्टचा तर लालबुंद तापलेला. शिशाच्या संयुगांचा पातळ थर मध्ये गादीसारखा बसायचा. तो गेला की तापलेलं लोखंड लोखंडाला क्षणभर चिकटतं, सुटताना कण ओढून नेतं, आणि व्हॉल्व्ह हळूहळू हेडमध्ये खचतो. जुना थर काही हजार किलोमीटर साथ देतो, म्हणून दुखणं लगेच कळत नाही.

गंमत अशी की ही खोड आवाज करत नाही. उलट टॅपेटचा टकटक आवाज कमी होतो. व्हॉल्व्ह वर सरकला की गॅप मिटते, मग तो पुरता बंदच होत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि व्हॉल्व्ह जळतो. चाचा दर पंधरा दिवसांनी फिलर गेजची पंधराची पट्टी घालून टॅपेट सैल करत होते आणि पेट्रोलला शिव्या घालत होते.

शेवटी हेड उतरवलं. चारही एक्झॉस्टच्या जागा मशीनवर बोअर करून कडक पोलादाच्या रिंगा बसवल्या. हेड तापवायचं, रिंग गार करायची आणि ठोकायची. गार झालं की हेड तिला घट्ट धरतं. मग सीट कापून, पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासायचे. एवढंच ते 'कन्व्हर्जन'. गाडी पुन्हा चढ चढू लागली. बाटलीतलं औषध पेट्रोलमध्ये टाकून काम भागवणारेही होते. चाचांना ते पटलं नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. पेट्रोलमध्ये शिसं घातलं कुणी? अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना डिसेंबर १९२१मध्ये आढळलं, की टेट्राइथाइल लेड घातलं तर इंजिन ठोकत नाही. अल्कोहोलनेही ठोका थांबतो हे माहीत होतं, पण त्याचं पेटंट कोण देणार? विकताना नाव ठेवलं 'इथाइल'. शिशाचा उल्लेखही नाही. ऑक्टोबर १९२४मध्ये न्यू जर्सीच्या रिफायनरीत हे द्रव्य बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. तेव्हा मिजलींनी पत्रकारांसमोर तेच द्रव्य हातांवर ओतून धुतलं आणि हुंगून दाखवलं. ते स्वतः आदल्या वर्षी शिशाच्या विषबाधेवर उपचार घेऊन आले होते, हे त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या गॅरेजमधली मुलं आठवली. दहा-बारा वर्षांची, आमच्याच मोहल्ल्यातली. शाळा सुटली की उस्तादच्या हाताखाली. ग्रीस काढायला रोज पेट्रोलने हात धुवायची. टाकीतून पेट्रोल काढायचं तर नळी तोंडात धरून ओढायची. कधी घोट जायचा, सगळे हसायचे. मीही ओढलंय. टेट्राइथाइल लेड कातडीतूनही आत शिरतं. १९९९च्या सुमारास मोठ्या शहरांतल्या मुलांचं रक्त तपासलं, तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांत शिसं डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅम किंवा जास्त निघालं. आमच्या मुलांचं रक्त कुणी तपासलं नाही.

मोटारींसाठी शिशाचं पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तिथे ते जुलै २०२१मध्ये थांबलं.

चाचांना मी हे सारं सांगितलं, तोवर गाडी विकून झाली होती. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "और वो छोकरे?" त्यांतले दोघे आज स्वतःची गॅरेजं चालवतात. एकाचे हात थरथरतात. कशामुळे, हे आता कोण सांगणार.