जैव वंगण
जैव वंगण : वनस्पतिज तेले, प्राणिज चरबी किंवा वापरलेले खाद्यतेल यांपासून बनविलेले जैवविघटनशील वंगण. (पहा : वंगणे, वसाम्ले). खनिज तेलापूर्वी यंत्रांना व गाड्यांच्या आसांना अशीच तेले देत. एरंडेल तेलातील रिसिनोलेइक अम्लाच्या हायड्रॉक्सिल गटामुळे त्याची श्यानता इतर वनस्पतिज तेलांपेक्षा बरीच जास्त असते. आरंभीच्या विमान-एंजिनांत ते वापरले जाई. (पहा : एरंड).

वनस्पतिज तेलाचा श्यानता निर्देशांक सुमारे 200, तर साध्या खनिज तेलाचा सुमारे 100 असतो. म्हणजे तापल्यावर ते कमी पातळ होते. मात्र वसाम्लांतील द्विबंधांमुळे त्याचे ऑक्सिडीभवन लवकर होते; शिवाय थंडीत ते गोठते. तेलात वसाम्ले ग्लिसरिनाशी जोडलेली असतात; त्या ग्लिसरिनाच्या मधल्या कार्बनावरील हायड्रोजन हे उष्णतेतील विघटनाचे मूळ आहे. ट्रायमिथिलॉलप्रोपेन या बहुहायड्रॉक्सी अल्कोहॉलात तो नसतो, म्हणून त्याची एस्टरे अधिक टिकाऊ ठरतात.

अशी एस्टरे बनविण्यासाठी वापरलेले तळणीचे तेल गाळून, पाणी काढून, मुक्त वसाम्ले कमी करतात. मिथेनॉलाशी विक्रियेने मिथिल एस्टर मिळते. ते ट्रायमिथिलॉलप्रोपेनाबरोबर तापवून सुटणारे मिथेनॉल निर्वाताने खेचले की विक्रिया पुढे सरकते व वंगणाचे एस्टर मिळते. (पहा : एस्टरे, जैव डीझेल). भारतात 2018 पासून तळताना वाढणारी एकूण ध्रुवीय संयुगे 25 टक्क्यांवर गेलेले तेल खाण्यास वर्ज्य आहे; ते येथे कच्चा माल होऊ शकते.

साखळी करवत, जंगलातील द्रवचालित यंत्रे, जहाजे अशा ठिकाणी वंगण थेट माती-पाण्यात जाते. जैव वंगणाचे खरे महत्त्व तेथेच. विघटनशीलतेच्या प्रचलित कसोटीत 28 दिवसांत किमान 60 टक्के विघटन अपेक्षित असते.