साखरेचा दाणा आणि प्रथिनाचा स्फटिक

अहिल्यानगर जिल्ह्यांत, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगर जिल्ह्यांत, स्फटिक कसा वाढतो हें सांगावयास पाठ्यपुस्तक नको. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामांत सुरू झाला. तेथें पाकांतील पाणी निर्वात भांड्यांत उडवीत नेतात, पाक पुरेसा दाटला कीं बारीक साखरेचें बीं टाकतात, आणि मग घाई करीत नाहींत. घाई केली तर दाण्याऐवजीं चुरा पदरांत पडतो.

प्रथिनालाही हाच नियम लागू आहे. परंतु तें तापविलें तर अंड्याच्या पांढऱ्यासारखें थिजून जावयाचें! मग जाळावांचून द्रावण दाट कसें करावें? प्रयोगशाळेंतील बहुतेक रीती या अडचणींतून निघाल्या.

सतराव्या वर्षीं शिकारींत डावा हात गमावलेले अमेरिकन संशोधक जेम्स समनर १९१७ पासून युरिएज या विकराच्या मागें लागले होते. १९२६ सालीं त्यांनीं आपल्या अबईच्या जातकुळींतील एका शेंगेच्या दाण्यांचें पीठ ३२ टक्के ॲसिटोनमध्यें कालवून गाळलें, तो द्रव रात्रभर थंडींत ठेविला, आणि सकाळीं सूक्ष्मदर्शकाखालीं स्फटिक दिसले. विकर हें प्रथिन असतें, हें त्यांचें म्हणणें कित्येक जर्मन पंडितांनीं बरींच वर्षें मानलें नाहीं. नोबेल पारितोषिक मिळावयास १९४६ साल उजाडलें.

सगळें एकदम मिसळून वाट पाहण्याची रीत सोपी खरी. पण प्रारंभींच प्रमाण चुकलें तर दुरुस्तीस वाव थोडा. प्रथिन पातळ पडद्याआड ठेवून क्षार तेवढे आंतबाहेर जाऊं दिले, तर बाहेरचें द्रावण बदलून चूक सुधारतां येते. मात्र खटाटोप अधिक. मला विशेष चतुर वाटते ती लोंबत्या थेंबाची रीत. प्रथिन व क्षार यांचा इवलासा थेंब कांचेच्या चकतीखालीं टांगावयाचा, खालीं वाटींत अधिक दाट क्षारद्रावण ठेवावयाचें, आणि वाटी बंद करावयाची. थेंबांतील पाणी वाफेच्या रूपानें हळूहळू वाटींत उतरतें. कारखान्यांतली बियाण्याची युक्ति येथेंही चालते. जुना स्फटिक चुरून त्याचे कण थेंबांत सोडतात.

साखर वाळवून पोत्यांत भरतां येते. प्रथिनाचा स्फटिक वाळला कीं त्याची आंतील मांडणी विसकटते. १९३४ सालीं केंब्रिजच्या बर्नाल व डोरोथी क्रोफूट यांनीं पेप्सिनचा स्फटिक त्याच्या मूळ द्रवांतच ओला ठेविला, तेव्हां क्ष-किरणांनीं ती मांडणी उमटली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतील संशोधकांनीं परदेशी सहकाऱ्यांसह १९९९ सालीं पेनिसिलिन व्ही फोडणाऱ्या विकराची घडण प्रसिद्ध केली, तीही अशाच स्फटिकांवरून.