वर्षाजलसंचय, घरगुती (कोलोरॅडो)

छपरावर पडणारे पावसाचे पाणी पन्हळीवाटे पिंपात साठवून ते बागेस घालण्याची पद्धत अनेक देशांत रूढ आहे. तथापि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी कोलोरॅडो राज्यात ती २०१६ पर्यंत बहुतेक गृहस्थांना कायद्याने निषिद्ध होती. या निर्बंधाचे मूळ तेथील जलहक्कांच्या इतिहासात आहे.

कोलोरॅडोचा बराचसा प्रदेश अर्धशुष्क असल्याने खाणी व शेती यांसाठी नद्यांचे पाणी कालव्यांनी दूरवर न्यावे लागे. त्यामुळे नदीकाठच्या जमीनमालकास पाण्याचा हक्क देणारे इंग्लंडमधील तत्त्व तेथे गैरसोयीचे ठरले. जो प्रथम पाणी वळवून उपयोगात आणील त्याचा हक्क अग्रक्रमाचा, हे तत्त्व १८७६ च्या राज्यघटनेत स्वीकारण्यात आले. कॉफिन विरुद्ध लेफ्ट हँड डिच कंपनी या खटल्यात (१८८२) राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरले. छपरावरचा पाऊसही अखेर नदीसच मिळतो, असे गृहीत धरल्यामुळे तो अडविणे म्हणजे खालच्या बाजूच्या जुन्या हक्कदाराचे पाणी घेणे ठरत असे.

या गृहीतकास डग्लस परगण्यातील २००७ च्या अभ्यासाने धक्का दिला. तेथील नैसर्गिक भूभागावर सरासरी वर्षात पडणाऱ्या पावसापैकी सु. ९७ टक्के पाणी बाष्पीभवनाने व वनस्पतींच्या शोषणाने संपते, ते प्रवाहापर्यंत पोहोचतच नाही, असे त्यात आढळले. २००९ मध्ये घरगुती विहिरीवर अवलंबून असलेल्या काही कुटुंबांना मुभा मिळाली. २०१५ चे व्यापक विधेयक मात्र वरिष्ठ सभागृहात अडले. अखेर मे २०१६ मध्ये कायदा संमत झाला. त्यानुसार चारपर्यंत बिऱ्हाडांच्या इमारतीस एकूण ११० गॅलन (सु. ४१६ लि.) क्षमतेची दोन पिंपे ठेवता येतात. हे पाणी त्याच आवारातील बागेस व हिरवळीस वापरावयाचे असते. मात्र या सवलतीने जलहक्क निर्माण होत नाही, असे कायद्यात स्पष्ट केले आहे.

१०० चौ. मी. छपरावर १ सेंमी. पाऊस पडल्यास सु. १,००० लि. पाणी मिळते; म्हणजे दोन्ही पिंपे अर्धा सेंमी. पावसानेही भरतात. यावरून ही मुभा मर्यादितच असल्याचे दिसते. याउलट तमिळनाडूत २००३ मध्ये सर्व इमारतींना वर्षाजलसंचयाची सोय सक्तीची करण्यात आली. भूजल वाढविणे हा तेथील हेतू होता, तर कोलोरॅडोत जुन्या हक्कांचे रक्षण हा मुख्य प्रश्न होता.