हात वर झाला की थांबायचं

मागच्या येळवशीच्या दोन दिवस आधीची गोष्ट. शनिवारची सकाळची शाळा सुटली आणि मी लातूर जिल्ह्यातल्या माझ्या शाळेतून नांदेडला घरी निघालो. अहमदपूर मागे पडलं, माळेगाव जवळ आलं. खंडोबाची यात्रा भरायची वेळ, त्यामुळे रस्त्याच्या दोन्ही कडांनी जनावरं चाललेली. माझ्या पुढे तीन घोड्या आणि एक शिंगरू होतं. सर्वांत पुढच्या घोडीवर एक म्हातारे गृहस्थ बसलेले, मागच्या घोडीचा दोर बारा-तेरा वर्षांच्या पोरानं धरलेला. म्हाताऱ्यांनी वळून पाहिलं आणि हात वर केला. मला वाटलं, कुणाला तरी हाक मारताहेत. मी नेहमीसारखा हॉर्न वाजवला आणि वेग न कमी करता बाजूनं निघालो.

मागची घोडी आडवी उसळली. पोरगं दोरासोबत फरपटत गेलं. शिंगरू मोकळंच होतं, ते आईकडं धावण्याच्या नादात थेट रस्त्याच्या मध्यात आलं. समोरून येणाऱ्या ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक लावला म्हणून सगळे वाचले. पोराचा गुडघा सोलून निघाला होता.

मी गाडी लावून परत आलो, माफी मागितली. म्हातारे ओरडले नाहीत. "हात उठाया था ना मैं, मास्तर," एवढंच म्हणाले. पोराच्या गुडघ्यावर पाणी ओतताना त्यांनी विचारलं, कुठले, कुणाचे. मी सांगितलं, नांदेडचा, आजोबांना सगळे नालबंद म्हणायचे. ते थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "नालबंद का पोता होको घोडे को पीछे सी हॉरन मारे?"

हा प्रश्न मला घरापर्यंत आणि त्यानंतरही पुरला.

माझे दादा जुन्या नांदेडात टांग्याच्या घोड्यांना नाल ठोकायचे. मी लहान असताना तो धंदा संपत आला होता. स्टेशनवरच्या टांग्यांची जागा ऑटोरिक्षांनी घेतली, वालिदांनी दुसरं काम धरलं, मी बीएड करून मास्तर झालो. घोड्यातलं घरात काय उरलं? फक्त नाव. मराठवाड्यातल्या मुसलमानांत अशी नावं पुष्कळ सापडतील. कुणी नालबंद, कुणी चाबुकस्वार. घोडा गेला, घोड्याचं ज्ञानही गेलं, आडनाव तेवढं आधार कार्डावर राहिलं.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे शब्दांकडं लक्ष जातं. लगाम, जीन, खोगीर, तोबरा, चाबूक, स्वार हे मराठी शब्द फारसीतून आले. रिकीब, नाल आणि तबेला हे मुळात अरबी, फारसीच्या वाटेनं इथं पोहोचले. पागा म्हणजे फारसी पायगाह. हैदराबादच्या ज्या अमिरांना पायगाह म्हणत, त्यांचं नावही याच शब्दातून आलं, कारण फौज, विशेषतः घोडदळ बाळगण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येणारा, तर बारगीर दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा. ही भाषा मराठ्यांच्या दफ्तरात आहे, निजामशाहीत आहे, मोगलांकडंही आहे. शिंगरू, खूर हे शब्द मात्र इथल्या मातीतले. घोड्याच्या अंगावर चढणारं सामान बाहेरून आलं आणि घोड्याचं अंग आपल्या भाषेत राहिलं, असं मी वर्गात सांगतो तेव्हा पोरं हसतात.

या शब्दांना आमच्या भागात पाय फुटले ते रस्त्यांवर. बहामनी काळात अरबस्तानातून, इराणातून घोडे दाभोळ, चौल, गोव्याच्या बंदरांत उतरत आणि घाट चढून बीदरकडं जात. 1453 साली दाभोळला उतरलेला इराणी व्यापारी महमूद गावान पुढं याच सल्तनतीचा वजीर झाला. बीदर आमच्या उदगीरच्या अगदी शेजारी. त्याच उदगिरावर 1760 च्या फेब्रुवारीत सदाशिवराव भाऊंनी निजामाला हरवलं. त्या लढाईत मराठ्यांच्या बाजूनं इब्राहिमखान गारदीच्या तोफा होत्या. पुढं इंग्रजांच्या हाताखाली हैदराबाद कंटिंजंट ही फौज उभी राहिली, तिच्या छावण्या हिंगोलीला आणि मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला होत्या. तिथले स्वारही शिलेदारी पद्धतीचे, घोडा ज्याचा त्याचा.

या इतिहासात हिंदू-मुसलमान वेगळं काढायला गेलं की घोडं पेंड खातं. माळेगावची यात्रा खंडोबाची आणि खंडोबा हा घोड्यावरचा देव. त्याला मल्लूखान म्हणणारेही भाविक आहेत. जेजुरीला देवाच्या घोड्याची देखभाल परंपरेनं मुसलमानाकडं होती. माळेगावच्या बाजारात आजही घोडा विकणारा एका धर्माचा आणि घेणारा दुसऱ्या धर्माचा, हे कुणाला नवल वाटत नाही. धनगरांची मेंढरं आणि सोबतची तट्टं याच रस्त्यांनी फिरतात. आणि आमच्या नांदेडात दसऱ्याला आणि होला मोहल्ल्याला हल्लाबोल निघतो तेव्हा सचखंड गुरुद्वाऱ्याचे घोडे रस्त्यावर येतात. त्या दिवशी अख्खं शहर बाजूला सरतं. एरवी एका सेकंदासाठी हॉर्न वाजवणारा माणूस शांत उभा राहतो. म्हणजे वाट देणं आपल्याला येतं. ते आपण सणापुरतं ठेवलंय.

आता त्या वर केलेल्या हाताबद्दल. घरी आल्यावर मी मोटार वाहन कायदा, 1988 काढून वाचला. त्याच्या कलम 132 मध्ये वाहनचालकानं कधी थांबलंच पाहिजे ते सांगितलंय. त्यात एक तरतूद अशी की, जनावर सांभाळणाऱ्याला ते बिथरलंय किंवा गाडीमुळं बिथरेल असं वाटलं आणि त्यानं थांबायला सांगितलं, तर चालकानं गाडी थांबवायची आणि जरूर तेवढा वेळ उभी ठेवायची. ही तरतूद त्याआधीच्या 1939 च्या कायद्यातही होती. त्याचं मूळ आणखी मागं जातं. इंग्लंडात 1865 च्या कायद्यानं वाफेच्या गाडीपुढं लाल निशाण घेतलेला माणूस चालवायला लावला होता. घोडेवाल्यांना सावध करणं आणि घोडे पुढं निघेपर्यंत मदत करणं हे त्याचं काम. मोटार नवी होती, रस्ता घोड्याचा होता, म्हणून पाहुण्यानं अदबीनं वागावं असा तो हिशेब. माळेगावच्या रस्त्यावरच्या म्हाताऱ्यांनी हा कायदा वाचलेला नसेल. तरी त्यांनी हात वर केला तो कायद्यातलाच होता, आणि शिकलेला मास्तर तो ओळखू शकला नाही.

घोडा एवढ्या तेवढ्यानं का घाबरतो? त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. जवळजवळ साडेतीनशे अंशांचं त्याला दिसतं, पण शेपटीच्या बरोबर मागचं आणि कपाळाच्या अगदी पुढचं दिसत नाही. कान मात्र वेगवेगळे फिरतात आणि आपल्याला न ऐकू येणारे बारीक आवाजही टिपतात. मागून मोटारसायकल येते तेव्हा त्याला आधी आवाज कळतो, वस्तू दिसत नाही. न दिसणारा आवाज म्हणजे त्याच्या हिशेबी मागं लागलेला शिकारी. तो पळणार किंवा लाथ मारणार, दोन्ही त्याच्या स्वभावात आहे. उदगिरावर तोफांच्या धडाक्यात उभे राहणारे घोडे जन्मानं तसे नव्हते, त्यांना आवाजाची सवय लावलेली होती. बाजाराला निघालेल्या शिंगराला ती कोण लावणार?

त्या दिवसानंतर मी म्हाताऱ्यांकडून शिकलो आणि थोडं वाचलं. ते इथं लिहून ठेवतो.

घोडा लांबून दिसला की तिथूनच एक्सलेटर सोडायचा. जवळ जाऊन एकदम गिअर पाडला तर इंजिन गुरगुरतं, तेही नको. हॉर्न अजिबात वाजवायचा नाही. मागून येत असाल तर थोडं अंतर ठेवून हळू चालायचं आणि माणसाच्या आवाजात हाक द्यायची: "चाचा, निघू का?" हेल्मेटच्या काचेमागचं तोंड घोड्याला ओळखू येत नाही, माणसाचा आवाज ओळखू येतो. सांभाळणाऱ्यानं मान हलवली की उजवीकडून जास्तीत जास्त जागा सोडून, चालण्याच्या वेगानं पुढं जायचं. इंग्लंडच्या रस्ता नियमांत 2022 पासून घोड्यापासून किमान 2 मीटर अंतर आणि ताशी 10 मैल, म्हणजे साधारण 16 किलोमीटरपेक्षा कमी वेग सांगितलाय. आपल्या रस्त्यावर 2 मीटर जागा नसेल तर मागं राहायचं, जागा होईपर्यंत.

दोन घोड्यांच्या मधून कधीच जायचं नाही. शिंगरू मोकळं असेल तर ते आईच्या कोणत्या बाजूला आहे ते आधी बघायचं. आई आणि पिल्लाच्या मध्ये आपण आलो की ते आपल्याच अंगावर येणार. मागं बसलेल्याची ओढणी आणि हँडलला लटकवलेली प्लास्टिकची पिशवी फडफडत असेल तर आवरून घ्यायची. घोड्यानं मान उंच केली, कान मागं टाकले, पावलं आडवी टाकायला लागला की थांबायचं, गरज पडली तर इंजिन बंद करायचं. आणि ओलांडून गेल्यावर लगेच एक्सलेटर पिळायचा नाही. बुलेटच्या सायलेन्सरमधून फटाके काढणाऱ्या आमच्या पोरांना हे खास सांगायला हवं. तीस-चाळीस पावलं पुढं गेल्यावर मग वेग वाढवा.

एवढं करायला किती वेळ जातो? मी नंतर मोजलाय. फार तर दोन मिनिटं. नांदेड-लातूरच्या अडीच-तीन तासांच्या वाटेत दोन मिनिटं.

कुराणातली शंभरावी सूरत अल-आदियात धावत्या घोड्यांच्या शपथेनं सुरू होते. लहानपणी पाठ केलेली ही सूरत मी नमाजात कितीतरी वेळा म्हटलीय. तरी रस्त्यावरचा जिवंत घोडा मला फक्त अडथळा वाटला. पाठांतर आणि समज यांत अंतर असतं, हे मी पोरांना रोज सांगतो. यावेळी ते मला एका बारा-तेरा वर्षांच्या पोराच्या सोललेल्या गुडघ्यावरून कळलं.

वरातीमागून घोडं म्हणा, पण आता यात्रेच्या दिवसांत मी वर्गात एक तास यासाठी काढतो. फळ्यावर लगाम, रिकीब, नाल, पागा लिहितो. शेवटी एका पोराला उभं करून हात वर करायला लावतो आणि बाकीच्यांना विचारतो, याचा अर्थ काय?

आता सगळे एका सुरात सांगतात, "थांबा."