दुभाष्याने जुनी भाषा सोडली तेव्हा : लिनक्समधील एका कराराचा इतिहास

१/९
'फेटल : कर्नेल टू ओल्ड.' जुन्या लिनक्स यंत्रावर नवा प्रोग्राम सुरू करू पाहणाऱ्या अनेकांची वाट याच संदेशाने अडवली आहे. प्रोग्राममध्ये चूक नसते, यंत्रही बिघडलेले नसते. तरीही काम पहिल्याच पावलावर थांबते. या ओळीमागचा हा इतिहास. #थ्रेड #इतिहास

२/९
ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा म्हणजे कर्नेल. मेमरी, डिस्क, प्रोसेसर यांवर हुकमत त्याची. प्रोग्राम सहसा त्याच्याशी थेट बोलत नाही. मध्ये सिस्टीम लायब्ररी असते. दरबारातील दुभाष्याप्रमाणे ती प्रोग्रामची मागणी कर्नेलपुढे मांडते. बहुतेक लिनक्स वितरणांत हा दुभाषी म्हणजे 'जीलिबसी'.

३/९
बीएसडी घराण्यातील प्रणालींत कर्नेल आणि लायब्ररी एकाच प्रकल्पात घडतात. लिनक्समध्ये मात्र दोहोंचे कर्ते वेगळे, आवृत्त्या वेगळ्या आणि वेळापत्रकेही वेगळी. पुढील पेचाचे बीज या रचनेतच होते.

४/९
१९९०च्या दशकात एकाच प्रोग्राममध्ये अनेक कामे समांतर चालवण्याची, म्हणजे 'थ्रेड'ची, गरज वाढली. झाव्हिए लरुआ यांच्या 'लिनक्सथ्रेड्स'ने ती भागवली. पण एका प्रोग्रामचे थ्रेड हा एक गट आहे, हे त्या काळच्या कर्नेलला उमगत नव्हते. प्रत्येक थ्रेडला वेगळा प्रक्रिया-क्रमांक मिळे. साऱ्या प्रोग्रामसाठीचा संकेत एखाद्याच थ्रेडपर्यंत पोहोचे.

५/९
२००२ मध्ये उलरिश ड्रेपर आणि इंगो मोलनार यांनी 'एनपीटीएल' ही नवी रचना मांडली. तिच्यासाठी लायब्ररी आणि कर्नेल दोन्ही बदलावे लागले. त्या काळच्या एका चाचणीत १ लाख थ्रेड सुमारे २ सेकंदांत सुरू झाले. जुन्या पद्धतीने त्याला सुमारे १५ मिनिटे लागली असती. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ कर्नेलमध्ये या रचनेला हक्काचे स्थान मिळाले.

६/९
मात्र काही प्रोग्राम जुन्या पद्धतीच्या दोषांवरच विसंबून होते. म्हणून २००३ च्या रेड हॅट लिनक्स ९ मध्ये लायब्ररीच्या जुन्या-नव्या प्रती शेजारी शेजारी ठेवल्या गेल्या. 'एलडी_अझ्युम_कर्नेल' या चलात जुन्या कर्नेलचा क्रमांक लिहिला, की जुनी प्रत कामाला लागे. कर्नेल नवा असूनही तो जुना मानून चालण्याची ही सोयीस्कर लबाडी होती.

७/९
तडजोड फार काळ टिकली नाही. मार्च २००६ मधील जीलिबसी २.४ ने 'लिनक्सथ्रेड्स'ला निरोप दिला आणि नव्या रचनेसाठी २.६ कर्नेल अनिवार्य ठरला. २.४ कर्नेलवर राहणाऱ्यांना लायब्ररीच्या जुन्या २.३ शाखेतच थांबण्याचा सल्ला मिळाला.

८/९
येथे कराराचा एकतर्फीपणा उघड होतो. चालता प्रोग्राम मोडायचा नाही, हा लिनस टोरवाल्ड्स यांचा कर्नेलविषयीचा दंडक आहे. जीलिबसीही जुन्या प्रोग्रामसाठी आपल्या फंक्शनांची जुनी रूपे जपते. म्हणजे नव्या प्रणालीवर जुन्या प्रोग्रामला अभय आहे. जुन्या कर्नेलवर नव्या लायब्ररीला ते नाही. ऑगस्ट २०१७ च्या २.२६ आवृत्तीने किमान ३.२ कर्नेल मागितला. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ६ चा कर्नेल होता २.६.३२, आणि त्या प्रणालीला नोव्हेंबर २०२० पर्यंत अधिकृत पाठबळ होते!

९/९
अशा यंत्रांवर नवे कंटेनरही अडले, कारण कंटेनर आपली लायब्ररी सोबत आणतो, कर्नेल मात्र यजमान यंत्राचाच वापरतो. लायब्ररीकारांची बाजूही समजण्याजोगी आहे : प्रत्येक जुन्या कर्नेलसाठी पर्यायी वाटा सांभाळायच्या, तर त्यांचे ओझे पिढ्यान् पिढ्या वाहावे लागते. ते ओझे त्यांनी खाली ठेवले, आणि ते जुने यंत्र बदलू न शकणाऱ्याच्या खांद्यावर आले. 'कर्नेल टू ओल्ड' ही त्या हस्तांतराची पावती आहे.