चाकांवरचा मुक्काम

मोटारीच्या मागे जोडायचा, आत झोपण्याची, स्वयंपाकाची आणि पाण्याची सोय असलेला, खडकाळ रानवाटेवरही न मोडणारा ट्रेलर आपल्या मापाने बनवून घेण्याची हौस आता आपल्याकडेही रुजू लागली आहे. मुकुंदवाडीसारख्या ठिकाणी ती सुचणे साहजिक आहे. एका अंगाला चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला सिडको, जवळून जाणारा जालना रस्ता आणि लोहमार्ग. लोखंड कापणारे, जोडणारे, वाकवणारे हात या शहराला नवे नाहीत. म्हैसमाळ, गौताळा, वेरूळ, अजिंठा ही ठिकाणेही एका दिवसाच्या टप्प्यात येतात.

पण ही कल्पना परदेशातून आली, असे मानायचे कारण नाही. चाकांवरचे घर या भूमीने फार पूर्वी पाहिले आहे. ते कसे बांधावे, कुठे फसते आणि कोणाच्या वाट्याला येते, हे सारे या इतिहासात सापडते.

सुरुवात बैलगाडीपासून करू. गाडी भरताना वजन मागे जास्त झाले, तर पुढची बाजू वर उचलली जाते. गाडी उलाळली, असे आपण म्हणतो. वजन पुढे जास्त झाले, तर सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. म्हणून भरणारा शहाणा माणूस जड पोती कण्याच्या आसपास ठेवतो आणि जुवावर थोडासाच भार राहू देतो. आजचा ट्रेलर बांधणारा कारागीर नेमके हेच करतो. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा पुढच्या हुकावर यावा, असा त्याचा हिशेब असतो. हुकावरचा भार कमी पडला, तर वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो आणि पुढच्या मोटारीलाही खेचतो. पाण्याची टाकी कण्यावर आणि शक्य तितकी खाली ठेवायची तीही याचसाठी. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, आणि ते प्रत्येक वळणावर हिंदकळते.

चाकांवरच्या सोयींचा जुना आणि मनोरंजक उल्लेख अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या या ग्रंथात अकबराने काढलेल्या यंत्रांचे वर्णन येते. त्यात चालता चालता धान्य दळणारी एक गाडी आहे. हत्तीने ओढायची दुसरी एक प्रशस्त गाडी आहे आणि तिच्यात चक्क न्हाणीघरे आहेत. म्हणजे प्रवासात अंघोळीची सोय बरोबर नेणारे वाहन सव्वाचारशे वर्षांपूर्वी कोणीतरी विचारपूर्वक आखले होते. अर्थात ते बादशहासाठी होते.

मोगलांच्या प्रवासाची दुसरी युक्ती म्हणजे पेशखाना. औरंगजेबाबरोबर काश्मीरच्या वाटेवर गेलेला फ्रेंच प्रवासी बर्निए ती सांगतो. तंबूंचे दोन संच असत. बादशहा एका मुक्कामी असताना दुसरा संच पुढच्या मुक्कामी जाऊन उभा राही. अशा एका संचासाठी साठांवर हत्ती, दोनशे उंट, शंभर खेचरे आणि शंभर हमाल लागत, असे तो नोंदवतो.

हाच औरंगजेब १६८२ मध्ये आपल्या शहरात आला आणि पुढची पंचवीस वर्षे, म्हणजे १७०७ मध्ये अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) मृत्यू येईपर्यंत, दख्खनमध्येच राहिला. या काळातला बराचसा कारभार फिरत्या छावणीतून चालला. १६९५ मध्ये इटालियन प्रवासी कारेरी याने कृष्णाकाठी गलगल्याची छावणी पाहिली. तिचा परीघ तीस मैलांचा असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. छावणी कसली, ते एक शहरच होते.

हे फिरते शहर दख्खनच्या मातीपुढे मात्र हतबल झाले. १७०० च्या ऑक्टोबरमध्ये माण नदीकाठी खवासपूरच्या तळावर रात्री अचानक पुराचे पाणी शिरले. माणसे, जनावरे, तंबू वाहून गेले. गडबडीत खुद्द बादशहा पडला आणि त्याचा गुडघा कायमचा अधू झाला. पुढे १७०२ मध्ये खेळणा, म्हणजे विशाळगड, ताब्यात घेऊन लष्कर ऐन पावसाळ्यात परत निघाले. पन्हाळ्यापर्यंतचे जेमतेम तीस मैलांचे अंतर कापायला त्याला ३८ दिवस लागले. चिखल, ओढे आणि सह्याद्रीचा पाऊस यांपुढे हत्ती, उंट आणि संपत्ती काहीच कामाला आले नाही. याच मुलखात मराठ्यांची घोडदळे मोजके सामान घेऊन झपाट्याने हालचाली करीत होती. आडवाटेला जाणाऱ्याने काय घ्यावे यापेक्षा काय मागे ठेवावे, हा विचार आधी करायचा असतो. तळ नदीपात्राजवळ टाकू नये, हा खवासपूरचा धडा तर आजच्या सहलीलाही तितकाच लागू आहे.

युरोपात हौसेखातर चाकांवरचे घर बांधण्याची वाट विल्यम गॉर्डन स्टेबल्स या ब्रिटिश नौदलातील माजी डॉक्टरने रूढ केली. १८८५ मध्ये त्याने ब्रिस्टलच्या वॅगन कारखान्याकडून ‘वाँडरर’ नावाची घोडागाडी बनवून घेतली आणि तिच्यातून इंग्लंड-स्कॉटलंडचा दौरा केला. पण ती चांगल्या रस्त्यांची गाडी होती. आडवाटेच्या ट्रेलरचा खरा पूर्वज दुसऱ्या महायुद्धात जन्मला. अमेरिकी सैन्याच्या जीपमागे जोडायचा तो पाव टनी ट्रेलर. त्याच्या दोन चाकांमधले अंतर जीपइतकेच ठेवले होते, त्यामुळे तो जीपच्या चाकोरीतूनच चाले. चाके आणि टायरही जीपचेच, म्हणून एकच जादा चाक दोघांना पुरे. जिथे जीप निघेल, तिथे मागचे ओझेही निघाले पाहिजे, एवढाच त्यामागचा विचार होता.

आज कोणी आपल्या गावात असा ट्रेलर बनवायला घेतला, तर हाच क्रम धरावा. आधी मोटार किती वजन ओढू शकते ते पाहावे, मग सांगाडा आखावा. पोटाखालची उंची मोटारीइतकी ठेवावी. पाटे वजनाला शोभतील असे निवडावेत. फार कडक पाटे रिकाम्या ट्रेलरला उडवतात आणि आतले कपाट, शेगडी, जोड सारे खिळखिळे करतात. ब्रेक, मागचे दिवे आणि हुक निसटलाच तर धरून ठेवणारी साखळी यांत काटकसर नको. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलरचा समावेश आहे. त्यामुळे जोडणी उत्तम झाली तरी मंजुरी आणि नोंदणीशिवाय तो रस्त्यावर आणता येत नाही. जोडणीला हात घालण्यापूर्वीच परिवहन कार्यालयात चौकशी केलेली बरी.

इथवरची गोष्ट बादशहांची, सैन्याची आणि हौशी प्रवाशांची झाली. पण मराठवाड्यात चाकांच्या भरवशावर सर्वात जास्त मुक्काम ज्यांनी केला, ती माणसे वेगळीच आहेत. १९५० च्या सुमारास प्रवरेकाठी सहकारी साखर कारखानदारी सुरू झाली, ती पुढे पश्चिम महाराष्ट्रभर पसरली. दसरा-दिवाळीनंतर बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगार निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. पूर्वी बैलगाडीत ज्वारी, भांडी, अंथरूण, कोंबड्या आणि लेकरे घालून मजल दरमजल जायचे. पुढे लोखंडी धावेच्या चाकांची जागा रबरी टायरने घेतली, मग ट्रक आला, ट्रॅक्टर आणि त्यामागच्या ट्रॉल्या आल्या. ओझे वाहणाऱ्या चाकात एवढी सुधारणा झाली. मुक्काम मात्र बांबू, चटई आणि पाचटाच्या कोपीतच राहिला.

त्याची किंमत काय, हे २०१९ मध्ये उजेडात आले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींवर अशी शस्त्रक्रिया झाल्याचे दिसले. कारणे अनेक होती. बुडणारी मजुरी होती, चुकीचा सल्ला होता. पण फडावर पाणी, न्हाणी आणि शौचालय नसणे हेही त्यातले एक कारण म्हणून वारंवार पुढे आले.

२०२१ मध्ये महाराष्ट्राने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. पर्यटकांसाठी झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्वच्छतागृहाची सोय असलेली वाहने, ती उभी करण्यासाठी सोयींनी युक्त तळ, असा त्याचा आराखडा आहे. धोरण चांगले आहे, त्याचे स्वागतच करू. मात्र एक प्रश्न मनात येतो. जो सांगाडा, जी टाकी आणि जे फिरते स्वच्छतागृह सुटीतल्या दोन रात्रींसाठी आपण हौसेने जोडतो, तेच पाच-सहा महिने फडावर राहणाऱ्या कुटुंबांसाठी का जोडू नये? ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जातातच. त्याच ट्रॅक्टरने टोळीला मुक्कामावर सोडताना दुसऱ्या फेरीत दोन न्हाण्या, दोन शौचालये आणि पाण्याची टाकी असलेला एक साधा ट्रेलर आणून उभा करणे तंत्राच्या दृष्टीने अवघड नाही. टोळी हलली की तोही हलेल. त्याला ना गाद्या लागतात, ना फ्रिज. मजबूत कणा, टिकाऊ पत्रा, आतून लावता येणारी कडी आणि रात्री एक दिवा एवढे पुरे. खर्च कारखान्याने, मुकादमाने की शासनाने करायचा, हे ठरवता येईल.

अकबराच्या कारागिरांना चाकांवर न्हाणीघर बांधता आले होते. ते काम आज मुकुंदवाडीच्या एखाद्या वेल्डिंगच्या दुकानातही होऊ शकेल. ते कोणासाठी करायचे, एवढेच आपण ठरवायचे आहे.