मुक्कामाची एसटी आणि देवयानी

कल्याणच्या स्टँडवर मुरबाडची गाडी लागली की धावा. खिडकीतून आधी रुमाल सीटवर टाका. १९८५ साली रिझर्वेशन असंच होतं. खिशात मोबाइल नाही, उगाच चाचपू नका. पायाशी दुधाच्या रिकाम्या किटल्या खडखडताहेत, मागच्या बाकाखाली पिशवीतून कोंबडी मान काढून बघते आहे, आणि डिझेलच्या वासात सुक्या बोंबलांचा वास असा मिसळलाय की कुठला कोणता ते सांगता येत नाही.

मुरबाडला गाडी बदला. ही मुक्कामाची एसटी: संध्याकाळी गावात जाते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात आणि पहाटे परत निघतात. चुकली तर रात्र स्टँडवर काढायची. गोरखगडाच्या बाजूच्या एका पाड्यावर ती तुम्हाला उतरवते आणि दिवे मालवते.

आता थांबा. एक पाऊलही टाकू नका, कारण ते कुठे पडेल हे तुम्हाला दिसणार नाही. अमावास्येच्या आसपासचे दिवस आहेत. शहरातला अंधार म्हणजे बल्ब गेलेली खोली. इथला अंधार अंगाला लागतो. आधी नाकाला कळतं: झोडलेल्या भाताचा पेंढा, शेणानं सारवलेलं खळं, चुलीचा धूर. मग कापलेल्या भाताची धसकटं चपलेच्या कडेनं घोट्याला टोचतात. कुत्री भुंकायला लागतात ती तुमच्यासाठीच.

शाळेच्या पडवीत गर्दी आहे. गॅसबत्ती फुसफुसते आहे. पुढे घोंगड्यांत पोरं, दाराशी बाया, मागे विड्या ओढणारे बाप्ये. काही जण शहापूरहून किन्हवली-सरळगाव करत आलेत, त्यांची धूळ अजून झटकून झालेली नाही. मुंबईहून आलेला एक चष्मेवाला तरुण प्रोजेक्टरशी झटतो आहे. हॅलेच्या धूमकेतूनं यंदा मुंबईतली अशी बरीच पोरं झपाटलीत. याच वेडातून तिकडे खगोल मंडळ उभं राहतंय. आज विषय आहे दीर्घिका कशा घडतात, कशा बदलतात. भिंतीवर पांढरं धोतर ताणलंय. पहिली स्लाइड पडते, पोरं ‘ओऽऽ’ करतात, आणि लाइट जाते.

गॅसबत्तीवाल्यालाही तो म्हणतो, “बंद करा ती. सगळे बाहेर चला.”

माझ्या मते व्याख्यान इथून सुरू होतं.

खळ्यावर उभे राहा. उत्तरेकडे तोंड करून मान मागे टाका. आकाशगंगेचा पट्टा इथे कोणी बोट दाखवून शोधत नाही, तो आहेच. पूर्वेला मृगाचे तीन तारे वर आलेत. “तिकांडं वर आलं,” शेजारचा माणूस म्हणतो. राखणीला खळ्यावर झोपणाऱ्याचं घड्याळ तेच. शर्मिष्ठा सापडली? तिच्याजवळच देवयानी. पुराणातल्या दोघी सवती आकाशातही शेजारीच राहतात, आणि ययाती आहे पलीकडे. देवयानीतला तो पुसट डाग बघा. सरळ नको, नजर जरा बाजूला ठेवा. दिसला?

“ती दुसरी दीर्घिका. बावीस लाख प्रकाशवर्षं लांब,” तो सांगतो. तुम्ही पुढच्या काळातून आलात, तुम्हाला पंचवीस लाख माहीत आहे. गप्प बसा. डोळ्यात आत्ता शिरलेला उजेड निघाला तेव्हा या खळ्यावर माणूस नव्हता, हे त्याच्या आकड्यानंही खरंच आहे.

धूमकेतूही दाखवतात, पश्चिमेकडे, दुर्बिणीतून. शेपटीचा पत्ता नाही. पोरांची सपशेल निराशा होते.

एक मुलगी विचारते, “दीर्घिका म्हातारी होते का?” होते, तो म्हणतो, आणि ओसरीवरच्या कणगीवर हात ठेवतो. दीर्घिकेत वायू असतो तोवर नवे तारे जन्मतात. नवे, मोठे तारे निळे, त्यांच्यामुळे सर्पिल बाहू निळसर दिसतात. ते लवकर मरतात. कणगी रिकामी झाली की नवे जन्म थांबतात, उरतात ते लहान, लालसर, दीर्घायुषी. आणि दीर्घिका एकमेकींवर आदळतातही: आलार आणि यूरी टूमरे या भावांनी १९७२ मध्ये संगणकावर दाखवलं की काही दीर्घिकांना दिसणाऱ्या लांबलचक शेपट्या अशा गाठीभेटींतूनच निघतात.

तुमच्या जिभेवर येईल की चाळीस वर्षांनी पुण्याच्या एनसीआरए या खगोलसंशोधन संस्थेत राशी जैन आणि योगेश वाडदेकर जेम्स वेब दुर्बिणीच्या चित्रांत एक देखणी सर्पिल दीर्घिका शोधतील, विश्व जेमतेम दीड अब्ज वर्षांचं असतानाची, आणि तिला अलकनंदा म्हणतील. एवढ्या कोवळ्या वयात दीर्घिका वेड्यावाकड्याच असणार, ही तोवरची समजूत तिच्यामुळे डळमळेल. पण जेम्स वेब कोण, हे समजावून सांगायला रात्र पुरायची नाही.

“ही देवयानी आपल्यावर आदळणार का?” बाप्यांतून आवाज येतो.

“आपल्याकडे येतेय खरी. आदळेल की बाजूनं जाईल, आज सांगता येत नाही.”

हसू दाबा. २०१२ मध्ये शास्त्रज्ञ ठामपणे सांगतील की चार अब्ज वर्षांत टक्कर नक्की. आणि २०२५ मध्ये नवं गणित म्हणेल, येत्या दहा अब्ज वर्षांत होण्याची शक्यता निम्मी, न होण्याची निम्मी. म्हणजे चष्मेवाला आज खळ्यावर जे बोलला, तेच.

दारातून एक म्हातारी पदर सावरत पुढे येते. “तिला यायला येळ हाय ना? मग आधी जेवून घ्या. भाकऱ्या गार व्हायला लागल्यात.”